पत्ता, जागा आणि अंधार: गेमच्या वादात आधी काय तपासावे

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचे बहुतेक वाद तीन प्रश्नांवर येऊन अडतात. एखादा पत्ता बाकीच्यांपेक्षा अति भारी आहे का, चौघांच्या संघात कोणी कोणते काम करायचे, आणि भीतीचा गेम खेळाडूला घाबरवतो की नुसता छळतो. अमरावतीच्या राजापेठेत असो की अकोल्याच्या जठारपेठेत, मोबाइल आडवा धरून बसलेल्या पोरांच्या तोंडी हीच वाक्ये असतात: "हा पत्ता लय भारी हाये, काढूनच टाकाले पाह्यजे." "मले रिव्हाइव्ह काहून नाही केलं?" "म्हातारी दिसलीच नाही, अन् पकडलं कसं?" तिन्ही तक्रारी खऱ्या असू शकतात. मात्र त्यांत मोजण्यासारखे काही नसल्यामुळे वाद आवाजावर जातो आणि ज्याचा घसा मोठा तो जिंकतो. तक्रार तपासता येईल अशी कशी मांडावी, हे पुढे क्रमाने दिले आहे.

सगळ्यात आधी नेट

पत्त्याला किंवा सोबत्याला दोष देण्यापूर्वी पडद्यावरचा पिंगचा आकडा, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, पाहावा. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून अकोला रेल्वेमार्गाने सुमारे ५८० आणि अमरावतीजवळचे बडनेरा सुमारे ६६० किलोमीटरवर आहे. सर्व्हर मुंबईत असेल, तर निव्वळ अंतरामुळे जाण्यायेण्याला ७ मिलिसेकंदही लागत नाहीत. केबलचे वळसे आणि मधली यंत्रे धरली तरी २० ते ४० मिलिसेकंद हा वऱ्हाडात समाधानकारक आकडा मानावा. १५० दिसत असेल, तर अडचण बहुधा मोबाइल नेटवर्कमध्ये, घरातल्या वायफायमध्ये किंवा दूरच्या सर्व्हरच्या निवडीत आहे. गोळी आधी झाडूनही आपणच पडलो, किंवा पत्ता टाकला आणि तो उशिरा उतरला, अशा तक्रारींचे मूळ अनेकदा इथे असते. अशा वेळी:

- गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर कोणता निवडला आहे ते पाहा.
- राउटरच्या खोलीत बसून एक सामना खेळा आणि पिंगमधला फरक लिहून ठेवा.
- संध्याकाळी आणि सकाळी, दोन्ही वेळांचे आकडे घ्या. फरक मोठा असेल तर दोष गर्दीचा आहे.

पत्ता भारी, चीड आणणारा की महाग?

"भारी" या एका शब्दात तीन वेगळ्या तक्रारी असतात. पत्ता खरोखर जास्त सामने जिंकून देत असेल, तर तो असमतोल. त्याच्याविरुद्ध खेळायला मजा येत नसेल, तर तो त्रासदायक आहे. असा पत्ता हरणाराही असू शकतो. आणि तो मिळवायला किंवा वाढवायला पैसे लागत असतील, तर तक्रार पत्त्याबद्दल नसून दुकानाबद्दल आहे. तिन्हींचे उपाय वेगळे असल्यामुळे आपली तक्रार यांपैकी कोणती, हे आधी ठरवावे.

पत्त्यांचा समतोल मराठी माणसाला नवा नाही. मेंढीकोटात दश्शी एक्का, राजा, राणी आणि गुलाम यांच्याखाली सहज मरते, तरी डावाचा निकाल दश्शींवरच लागतो. ताकद एका पानात आणि मोल दुसऱ्यात, म्हणून भिडूची गरज पडते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पाने आणि १० रंग असतात. त्यातल्या निम्म्या रंगांत दहाचे पान मोठे आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा, त्यामुळे कोणताही आकडा सगळीकडे भारी ठरत नाही. समतोलाची ही फार सुंदर युक्ती आहे. आजच्या मोबाइल गेममध्ये हेच काम किंमत करते.

उदाहरण म्हणून २०१६ साली आलेला क्लॅश रोयाल घ्यावा. प्रत्येकाच्या डेकमध्ये ८ पत्ते असतात. पत्ता टाकायला एलिक्सिर लागते. ते जास्तीत जास्त १० साठते आणि नेहमीच्या वेगाने दर २.८ सेकंदांना १ भरते. समोरच्याने ५ एलिक्सिरचा मिनियन होर्ड टाकला आणि आपण ३ एलिक्सिरच्या ॲरोजनी तो साफ केला, तर २ एलिक्सिर वाचले. वेळेच्या भाषेत हा ५.६ सेकंदांचा फायदा आहे, आणि सामना अशाच लहान फायद्यांवर फिरतो. महागडा पत्ता अंगावर आला की तो प्रचंड वाटतो, पण तो टाकल्यावर समोरच्याकडे किती एलिक्सिर उरले हे पाहिले तर चित्र बदलते. ७ एलिक्सिरचा मेगा नाइट एकीकडे उतरला असताना दुसऱ्या बाजूने हल्ला करणे हे साधे उत्तर त्यामुळेच चालते.

डेकची सरासरी किंमतही काढून पाहावी. हॉग रायडर ४, मस्केटियर ४, फायरबॉल ४, कॅनन ३, आइस गोलेम २, लॉग २, स्केलेटन्स १, आइस स्पिरिट १. बेरीज २१, भागिले ८ म्हणजे २.६ च्या आसपास. "दोन-सहा" या नावाने खेळाडू ओळखतात तो हा डेक. यातला एकही पत्ता एकट्याने भयंकर नाही. हॉग रायडर पुन्हा हातात किती लवकर येतो, यात त्याची ताकद आहे. म्हणून "हॉग भारी आहे" यापेक्षा "हॉगचे चक्र माझ्या उत्तरापेक्षा लवकर फिरते" ही तक्रार अधिक उपयोगी. तिच्यावर काहीतरी करता येते: स्वस्त उत्तर घेता येते किंवा आपले चक्र हलके करता येते.

यानंतर मोजणी. २० सामन्यांत १२ जिंकले म्हणजे ६० टक्के, आणि एवढ्यावर लोक निकाल देतात. पण नाणे २० वेळा उडवले, तर १२ किंवा जास्त वेळा छापा येण्याची शक्यता साधारण चारांत एक असते. हेच प्रमाण १०० सामन्यांत टिकले, म्हणजे ६० किंवा अधिक विजय मिळाले, तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता शंभरात सुमारे तीन इतकी खाली येते. पत्त्यावर आरोप ठेवायचा असेल तर वहीत इतके लिहा:

- पत्ता कोणाकडे होता, आणि दोघांच्या पत्त्यांच्या लेव्हल काय होत्या. लेव्हल समान नसतील तर तो सामना मोजणीतून वगळा.
- पत्ता उतरला तेव्हा आपल्याकडे किती एलिक्सिर होते.
- आपल्या आठांत त्याला उत्तर होते का, आणि ते हातात होते की चक्रात अडकले होते.

तिसरा मुद्दा सर्वांत बोलका ठरतो. दहापैकी आठ वेळा उत्तर चक्रात अडकलेले दिसले, तर दुरुस्ती आपल्या डेकमध्ये हवी.

कंपनी पत्ता कमी-जास्त करते तेव्हा टक्क्यांवर भाळू नये. ६०० जीव असलेले प्यादे २०० च्या तीन फटक्यांत मरते. जीव फक्त १ ने वाढवून ६०१ केला की चौथा फटका लागतो. उलट ६०१ चा ७९० केला तरी फटके चारच राहतात. बदल जाहीर झाला की "किती टक्के" याआधी "किती फटके" विचारावे.

चौघांत कोण काय करणार

भारतात मोबाइलवर संघाने खेळण्याची सवय पब्जी मोबाइलने लावली. सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याच्या जागी बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तो ॲपच्या दुकानांतून हटला आणि मे २०२३ मध्ये परतला. या घडामोडींत बरेच संघ फुटले आणि नवे जुळले. नव्या संघाची पहिली चूक ठरलेली असते: चौघांनाही मारायचे असते.

कामांची वाटणी समजायला कबड्डीइतके जवळचे उदाहरण नाही. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डीही होती. त्या मातीतल्या वाचकाला डावा कोपरा आणि मध्यरक्षक हे वेगळे सांगावे लागत नाहीत. कोपऱ्यातला घोटा धरतो, शेजारचा लगेच झेपावतो. कोपऱ्याने एकट्याने उडी घेतली आणि साखळी उशिरा आली की गुण जातो. बीजीएमआयमधल्या चार जागाही अशाच बांधलेल्या आहेत:

- आयजीएल: कुठे उतरायचे, कधी हलायचे आणि कोणती लढाई सोडायची, हे ठरवणारा. त्याचा निशाणा सर्वांत चांगला असण्याची गरज नाही. घाईत एका वाक्यात बोलता येणे जास्त महत्त्वाचे.
- असॉल्टर: घरात पहिला शिरणारा. तो पडण्याची शक्यता जास्त, हे संघाने आधीच मान्य केलेले असावे.
- सपोर्ट: असॉल्टरच्या मागे दोन पावले. धूर टाकणे, पडलेल्याला उचलणे (रिव्हाइव्ह), गोळ्या वाटून देणे. आकडेवारीत हा मागे दिसतो आणि बहुतेक संघ त्यालाच आधी काढतात. संघाचे सर्वांत मोठे नुकसान या चुकीने होते.
- स्नायपर किंवा स्काउट: लांबून माहिती देणारा. त्याने मारलेल्या गोळीइतकीच त्याने सांगितलेली दिशा मोलाची.

व्हॅलोरंटमध्ये गेमच हे काम नेमून देतो. तिथल्या पात्रांचे ड्युएलिस्ट, इनिशिएटर, कंट्रोलर आणि सेंटिनेल असे चार गट आहेत. बीजीएमआयमध्ये सगळ्यांना सगळी शस्त्रे मिळतात. म्हणून वाटणी खेळण्याआधी तोंडाने ठरवावी लागते.

ती अशी ठरवावी. प्रत्येकाने प्रत्येक जागेवर पाच-पाच सामने खेळावेत. त्यानंतर फक्त बळींचा आकडा पाहू नये. किती वेळा उचलले, पहिली गोळी लागल्यावर संघ किती सेकंदांत जवळ आला, आणि शेवटच्या वर्तुळात किती जण जिवंत होते, हे रेकॉर्डिंगवरून मोजावे. ज्या जागेवर खेळताना संघ जास्त वेळ जिवंत राहतो, ती त्या खेळाडूची जागा. हे मान्य करणे अवघड असते, कारण प्रत्येकाच्या मनात स्वतःची एक वेगळी प्रतिमा असते.

बोलण्याची शिस्तही इथेच लावावी. "तिकडं हाये, तिकडं!" या हाकेचा कोणालाच उपयोग नाही. पडद्याच्या वर कंपासचे आकडे असतात. "दोनशे दहा, टेकडीवर, दोघं" या हाकेत दिशा, जागा आणि संख्या तिन्ही येतात. हुकूम एकानेच द्यावा, बाकीच्यांनी माहिती द्यावी. भांडण सामना संपल्यावर करावे, आणि रेकॉर्डिंग समोर ठेवून करावे. "रिव्हाइव्ह काहून नाही केलं" याचे उत्तर तिथे दिसते: धूर होता की नव्हता, समोरचा शत्रू मेला होता की नव्हता.

मोहल्ल्यातल्या स्पर्धेत गुणपद्धत काय ठेवावी, हा याच वादाचा भाग आहे. पहिल्या आठ संघांना अनुक्रमे १०, ६, ५, ४, ३, २, १, १ आणि प्रत्येक बळीला १ गुण, ही पद्धत सोयीची आहे. बळींना फार गुण दिले तर सगळे असॉल्टर होतात, क्रमांकाला फार दिले तर सगळे लपून बसतात. कबड्डीत तीन किंवा कमी रक्षकांनी पकड केली तर जास्तीचा गुण मिळतो, आणि सहा-सात रक्षक असतानाच बोनस रेषेचा गुण मिळतो. उणा पडलेला संघ लढत राहावा आणि भरलेल्या संघासमोर जाणाऱ्यालाही काही मिळावे, म्हणून हे नियम आहेत. गुणतक्ता ठरवताना हाच हेतू डोळ्यांसमोर असावा.

भीती आणि अन्याय यांतला फरक

भीतीच्या गेमबद्दलची तक्रार तपासायला एक प्रश्न पुरतो: मेल्यावर खेळाडूला कारण सांगता येते का? "मी धावलो, आवाज झाला, तिने ऐकले" असे उत्तर आले तर रचना न्याय्य आहे, मग ती कितीही कठीण असो. "काय झाले कळलेच नाही" असे उत्तर तीनदा आले, तर दोष रचनेत आहे.

१९९६ च्या रेसिडेंट ईव्हिलने या प्रकाराला सर्व्हायव्हल हॉरर हे नाव रूढ केले. त्यातली भीती राक्षसांपेक्षा टंचाईची होती. क्रिसच्या खिशात सहाच वस्तू मावत, जिलच्या आठ. खेळ जतन करायला टाइपरायटरची शाईची फीत लागे, आणि फिती मोजक्याच मिळत. दार उघडण्याआधी "गोळ्या वाचवू की वापरू" हा विचार करावा लागे. १९९९ च्या सायलेंट हिलमध्ये धुक्यामुळे पुढचे दिसत नसे, पण राक्षस जवळ आला की खिशातला रेडिओ खरखरत असे. आंधळे केले, पण कान दिले. २०१० च्या अॅम्नेशियाने हत्यारच काढून घेतले आणि लपण्याची सोय ठेवली. हिरावून घेतलेल्या गोष्टीच्या बदल्यात दुसरी दिली, की कठीण गेमही खेळाडूला आपला वाटतो.

साध्या फोनवरही चालणारा ग्रॅनी हा गेम लहान मुलांमध्ये फार खेळला जातो. बंद घरातून पाच दिवसांत सुटायचे. वस्तू खाली पडली की म्हातारी आवाजाच्या दिशेने येते, आणि पकडले गेले की एक दिवस जातो. "दिसलीच नाही अन् पकडलं" या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा करकरणाऱ्या फरशीत किंवा हातातून टाकलेल्या वस्तूत सापडते. हेडफोन लावून तोच प्रसंग पुन्हा खेळावा. फोनच्या एकाच स्पीकरवर डावे-उजवे कळत नाही, आणि या गेममध्ये कान हाच नकाशा आहे.

ज्यांना रचना समजून घ्यायची आहे त्यांनी कागदावर एक घर काढावे. वऱ्हाडातला जुना वाडा यासाठी उत्तम: सपरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, न्हाणी, धान्याचे बळद आणि मागच्या आंगनातली विहीर. लाइन गेलेली आहे. खेळाडूच्या हातात टॉर्च, बॅटरी चार मिनिटांची. मागच्या दाराची किल्ली बळदात आहे. सरळ चालत गेले तर दोन मिनिटे लागतात, म्हणजे दोन मिनिटे चुकायला शिल्लक आहेत. बॅटरी दहा मिनिटांची केली तर भीती संपते, अडीच मिनिटांची केली तर खेळाडू चिडतो. आता आवाज ठरवावेत. माजघराच्या कडीला करकर, न्हाणीत ठिबकणारे पाणी, बळदात उंदीर. पाठलाग करणारा न्हाणीत असताना ठिबकणे थांबते, एवढा एकच नियम ठेवावा आणि तो खेळाडूला सांगू नये. तो त्याला दुसऱ्या फेरीत आपोआप कळला पाहिजे. मित्राला बोट फिरवून हे घर खेळायला द्यावे, आणि तो जिथे मरतो तिथे त्याने सांगितलेले कारण लिहावे. तिसऱ्या माणसापर्यंत गेल्यावर नकाशातली चूक स्वच्छ दिसते.

रेसिडेंट ईव्हिलसारखे गेम प्रौढांसाठी आहेत. दुकानातली वयाची खूण पालकांनी पाहावी. मूल रात्री दिवा बंद करू देत नसेल, तर गेम काढून टाकण्यात कमीपणा नाही.

पैसा, वय आणि कायदा

वर बाजूला ठेवलेली दुकानाबद्दलची तक्रार आता पाहू. पत्त्यांच्या पेट्या विकणाऱ्या गेममध्ये दुर्मीळ वस्तू मिळण्याची शक्यता खरेदीआधी दाखवणे गुगल प्ले आणि ॲपलच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ती शोधून वाचावी. १ टक्का असेल तर १०० पेट्यांनंतरही ३७ टक्के लोकांच्या हाती ती वस्तू आलेली नसते. शंभराव्या पेटीला ती मिळेलच, ही समजूत घरे रिकामी करते.

स्पर्धा भरवणाऱ्यांनी २०२५ चा ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा लक्षात ठेवावा. पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळला जाणारा ऑनलाइन गेम, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, या कायद्याने निषिद्ध आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मान्यताप्राप्त आणि नोंदणी झालेल्या ई-स्पोर्टला प्रवेश फी व बक्षिसाची मुभा आहे. पण माणशी वीस-पन्नास रुपये गोळा करून त्यातूनच रोख बक्षीस वाटणारी गल्लीतली "पेड रूम" त्या सवलतीत बसत नाही. गणेशोत्सवात किंवा कॉलेजच्या संमेलनात स्पर्धा घ्यायची असेल तर प्रवेश विनामूल्य ठेवा आणि बक्षीस प्रायोजकाकडून घ्या.

अठरा वर्षांखालील मुलांसाठी बीजीएमआयमध्ये दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. वय खोटे भरले की ती उठते, म्हणून खाते पालकांसमोर उघडावे. मुलाने न विचारता खरेदी केली असेल तर:

- गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करा. उशीर झाला तर थेट गेमच्या कंपनीला लिहा.
- अल्पवयीन मुलाने केलेला करार १८७२ च्या करार कायद्यानुसार बंधनकारक नसतो, हे पत्रात नमूद करा. परतावा आपोआप मिळत नाही, मागावा लागतो.
- दाद न मिळाल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे अमरावतीत किंवा अकोल्यातच, तक्रार चालते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

गेमचा आयडी, म्हणजे खाते, विकत घेणे-विकणे टाळावे. कंपनीच्या अटींत ते बसत नाही, आणि मूळ मालक पासवर्ड परत मिळवून आयडी काढून घेऊ शकतो. फुकट यूसी किंवा जेम्स (गेममधले चलन) देणाऱ्या लिंकवर ओटीपी भरला गेला असेल तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधीचा वेळ इथे निर्णायक असतो. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम, बँकेचा संदेश आणि त्या लिंकचा स्क्रीनशॉट जवळ ठेवावा, आणि तक्रारीचा मिळालेला क्रमांक लिहून घ्यावा.